नवा पडदा, जुने चित्र

दसरा, धनत्रयोदशी किंवा घरातील एखाद्या मंगल कार्याच्या निमित्ताने दिवाणखान्यात मोठा टीव्ही येतो. जुना बत्तीस इंची संच आतल्या खोलीत जातो, नवा पंचावन्न इंची भिंतीवर चढतो, बसवणारा कारागीर पेढा तोंडात टाकून निघून जातो आणि सायंकाळी सारे घर नव्या पडद्यासमोर बसते. दुकानात ज्या पडद्यावर पोपटाच्या पिसातला तंतू न् तंतू मोजता येत होता, त्याच पडद्यावर आता बातम्या देणाऱ्या निवेदिकेचा चेहरा मेणाचा दिसतो, खालच्या पट्टीतील अक्षरे कडांना फुटतात आणि आजींच्या नेहमीच्या प्रवचनाच्या वाहिनीवर महाराजसाहेब धुक्यापलीकडे बसल्यासारखे भासतात. ‘जुन्यावर बरे दिसत होते’ हे वाक्य कोणीतरी उच्चारते आणि घरातील उत्साह मावळतो.

तक्रार मग दुकानदाराकडे जाते. तो बहुधा ओळखीचा, पुष्कळदा समाजातलाच, क्वचित सोयराही असतो. तो कंपनीचा माणूस पाठवतो. कंपनीचा माणूस दोन नमुना चित्रे दाखवतो आणि ‘संचात दोष नाही’ असा शेरा लिहून निघून जातो. ग्राहकाला वाटते, निकृष्ट माल गळ्यात मारला. दुकानदाराला वाटते, ग्राहक विनाकारण बोभाटा करीत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि मोठा संच घेण्याचा मोह अधिकच स्वाभाविक झाला. त्याबरोबर हा तंटाही अधिक घरांत शिरला असेल तर नवल नाही. यातील दुःखाची बाजू अशी, की पुष्कळ वेळा दोन्ही पक्ष खरेच बोलत असतात. चित्र खरोखर वाईट असते आणि संच खरोखर निर्दोष असतो.

हे कसे, ते समजण्यास थोडे गणित करावे लागते. पण ते व्यापारी घराला कठीण नाही. टीव्हीवरील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आपल्याकडील साध्या, म्हणजे एसडी, वाहिनीच्या एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. गुणाकार ४,१४,७२०. फुल एचडी चित्रात १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके, एसडीच्या नेमके पाचपट. पंचावन्न इंचांत आज सर्रास मिळणारा फोर के पडदा ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपक्यांचा, एसडीच्या नेमका वीसपट. आता वीस रकान्यांपैकी एकाच रकान्याची माहिती बाहेरून आली, तर उरलेल्या एकोणीस रकान्यांत भरायचे काय? संचातील यंत्रणा शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधते आणि रकाने भरते. एका नोंदीवरून वीस पाने लिहून काढण्यासारखाच हा प्रकार. महाग संचाचा मुनीम अंदाज जरा सफाईने बांधतो, स्वस्त संचाचा ओबडधोबड. पण अंदाज तो अंदाजच.

जुन्या संचावर हेच चित्र बरे का दिसत होते, याचे उत्तर अंतरात आहे. एसडी चित्र त्याच्या उंचीच्या साधारण सहापट अंतरावरून पाहिले तर डोळ्याला ठिपके जाणवत नाहीत. बत्तीस इंची पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर. सहापट म्हणजे २.४ मीटर, जवळजवळ आठ फूट. शहरी दिवाणखान्यात सोफा भिंतीपासून आठ-नऊ फुटांवरच असतो, त्यामुळे जुने गणित न मांडताही जुळलेले होते. पंचावन्न इंची पडद्याची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर. सहापट केली की चार मीटरांहून अधिक, म्हणजे साडेतेरा फूट भरतात. सोफा मात्र जागचा हललेला नसतो. एचडी चित्राला उंचीच्या तिप्पट अंतर, म्हणजे सुमारे सात फूट, पुरते. अर्थात त्याच खोलीत, त्याच सोफ्यावरून एचडी वाहिनी उत्तम दिसेल आणि एसडी वाहिनी सदोष दिसेल. नव्या संचाने चित्र बिघडवलेले नाही. जुन्या संचाने जे झाकून ठेवले होते ते त्याने उघडे केले, एवढाच त्याचा अपराध.

तरीही एखादा संच खरोखर सदोष निघू शकतो, म्हणून आधी त्याची परीक्षा करणे न्यायाचे. रोजमेळ जुळत नसेल तर अनुभवी दिवाणजी सगळी पाने एकदम उलटत नाही. जिथपर्यंत जुळते तिथपासून तो पुढे सरकतो. टीव्हीच्या बाबतीत सुरुवात पडद्यापासून करावी आणि बाहेरच्या सगळ्या तारा काही वेळ बाजूला ठेवाव्यात. चांगल्या उजेडात मोबाइलने काढलेले एक छायाचित्र, घरातील माणसांचे असले तर उत्तमच, पेन ड्राइव्हवर घालून तो संचाला लावावा. हे छायाचित्र फोनमधून थेट घेतलेले असावे. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेले नको, कारण त्या वाटेने येताना ते दाबून लहान केलेले असते. आजच्या साध्या फोनच्या छायाचित्रातही पडद्याला लागतात त्याहून अधिक ठिपके असतात. पडद्यावर साडीची किनार, कपाळावरचे केस, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरील अंक स्वच्छ दिसले, तर पडदा दोषमुक्त. बिघाड मग पडद्याकडे येणाऱ्या वाटेवर शोधावा. अनेक संचांच्या मेनूतच चित्रचाचणीची सोय असते. तिचा उपयोगही याच कामी होतो. या साऱ्यास दहा मिनिटे लागतात आणि दुकानदाराशी होणाऱ्या बोलण्याचा सूर त्या दहा मिनिटांनी बदलतो.

वाटेवरचा पहिला नाका सेट टॉप बॉक्सचा. ज्या घरात टीव्ही नवा पण बॉक्स सात-आठ वर्षांपूर्वीचा, त्या घरात तो बॉक्स पुष्कळदा एसडीच असतो आणि टीव्हीला लाल, पांढऱ्या व पिवळ्या टोकांच्या तिपेडी तारेने जोडलेला असतो. त्यातील पिवळी तार चित्राची. तिच्यातून एचडी चित्र जाऊच शकत नाही. ती वाटच अरुंद आहे. एचडी चित्रास एचडीएमआय नावाची चपट्या तोंडाची एकच तार लागते. मात्र बॉक्सला एचडीएमआयचे तोंड आहे म्हणजे तो एचडी आहे असेही समजू नये. काही एसडी बॉक्सनाही ते तोंड असते. बॉक्सवर किंवा त्याच्या बिलावर एचडी असे स्पष्ट लिहिलेले आहे का, ते पाहावे किंवा केबलवाल्यास विचारावे.

समजा बॉक्स एचडी आहे, तार योग्य आहे, तरी चित्र धूसरच आहे. अशा वेळी वाहिन्यांची निवड तपासावी. एचडी बॉक्स घेणे आणि एचडी वाहिन्यांचे पैसे भरणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. २०१९ च्या नव्या दररचनेपासून ग्राहक वाहिन्या निवडून घेतो आणि त्या रचनेत एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांबरोबर मोजली गेली. खर्च वाचवण्यासाठी त्या वेळी अनेकांनी एसडीचाच संच निवडला, ते त्या वेळच्या टीव्हीला साजेसेही होते. आता घरात खरोखर पाहिल्या जाणाऱ्या सहा-आठ वाहिन्या कोणत्या, ते कागदावर लिहून तेवढ्याच एचडी कराव्यात. कधीही न पाहिल्या जाणाऱ्या शेकडो वाहिन्यांचे पॅकेज ‘एचडी’ म्हणून गळ्यात बांधून घेण्याचे कारण नाही.

याहून बारीक आणि याहून सामान्य गोष्ट म्हणजे वाहिनीचा क्रमांक. बहुतेक सेवांत एकाच वाहिनीची एसडी आणि एचडी रूपे वेगवेगळ्या क्रमांकांवर असतात. पैसे एचडीचे भरले जातात. पण घरातील ज्येष्ठांच्या बोटांना जुना क्रमांक पाठ असतो आणि रिमोटवर तोच दाबला जातो. महिनोन्महिने असे चालू राहते. रिमोटमागे नवे क्रमांक लिहिलेली कागदी पट्टी चिकटवली, तर हा दोष पैशाविना दूर होतो. बॉक्सच्या मेनूत चित्र कोणत्या रूपात बाहेर पाठवायचे याचीही निवड असते. तिथे ५७६ हा आकडा दिसल्यास १०८० करावा. बॉक्स कारखान्यातून येताना कधी लहान आकड्यावर बेतलेला असतो आणि बसवणारा घाईत तो तसाच ठेवतो.

तारेविषयी एक सांगणे आवश्यक आहे. सोनेरी टोकांची, जाड वेष्टनाची, हजारो रुपयांची एचडीएमआय तार चित्र अधिक सुंदर करते असे सांगितले जाते. ही तार अंकांच्या रूपात माहिती वाहून नेते. अंक एक तर बरोबर पोहोचतात किंवा चुकतात. तार खराब असेल तर पडद्यावर चमकते ठिपके उडतात, चित्र मध्येच जाते, कधी पडदा काळा होतो. चित्र फिकट, धूसर किंवा निस्तेज होणे हा तारेचा दोष नव्हे. सेट टॉप बॉक्ससाठी साधी, घट्ट बसणारी तार पुरेशी आहे. समाजातील विक्रेत्यांपैकी जे ग्राहकाला महागडी तार आग्रहाने देत नाहीत, त्यांची दुकाने दोन पिढ्या चालतात असा अनुभव आहे.

धार्मिक वाहिन्यांबाबत आशा बेताची ठेवावी. प्रवचने दाखवणाऱ्या पुष्कळ वाहिन्या एसडी रूपातच येतात. बॉक्स, तार, पॅकेज काहीही बदलले तरी त्यांतील ठिपके वाढणार नाहीत. दूरदर्शनच्या मोफत डिशवरील बहुतेक वाहिन्यांचेही तसेच. अशा वाहिन्यांसाठी एक उपाय जरूर करावा. चित्राचा आकार तपासावा. जुने कार्यक्रम चारास तीन या जवळजवळ चौकोनी प्रमाणात चित्रित झालेले असतात आणि नवा पडदा सोळास नऊ असा आडवा असतो. पडदा पूर्ण भरावा म्हणून चित्र दोन्ही बाजूंनी ताणले जाते, चेहरे रुंद होतात आणि आधीच विरळ असलेले ठिपके अधिक विरळ होतात. रिमोटवरील आकाराच्या बटणाने मूळ प्रमाण निवडले, तर डाव्या-उजव्या बाजूस काळ्या पट्ट्या येतात. या पट्ट्यांचा घरातील मंडळींना राग येतो. ‘एवढे पैसे देऊन पडदा रिकामा का ठेवायचा’, असे म्हटले जाते. परंतु पूज्य व्यक्तीचा चेहरा ताणून पडदा भरण्यापेक्षा पट्ट्या पत्करणे बरे. आठवड्याभरात त्या दिसेनाशा होतात. एसडी वाहिनी पाहताना खुर्ची तीन फूट मागे नेणे हाही उपायच आहे, आणि तो फुकट आहे.

आता संचाच्या स्वतःच्या मांडणीकडे. दुकानातील संच प्रखर दिव्यांखाली, शेजारच्या वीस संचांशी स्पर्धा करीत उभा असतो. म्हणून त्याला दुकानासाठीची मांडणी दिलेली असते. उजेड पूर्ण, रंग भडक, कडा कोरलेल्या. त्यावर चालणारी फीत खास फोर के चित्रणाची असते. पहिल्यांदा संच सुरू करताना तो घरासाठी की दुकानासाठी असे विचारतो. तिथे घाईत दुसरे उत्तर दिले गेले, तर घरातही दुकानच सुरू राहते. मेनूत जाऊन घरासाठीची निवड करावी. नंतर चित्राच्या प्रकारांतील ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ सोडून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ निवडावा. सिनेमा प्रकार पहिल्या दिवशी पिवळट वाटतो. भडक निळसर पांढऱ्याची डोळ्याला सवय झालेली असते. चार दिवस तो तसाच ठेवावा आणि मग जुना प्रकार पुन्हा लावून पाहावा, म्हणजे माणसांच्या कातडीचा खरा रंग कोणता ते आपोआप कळते.

‘शार्पनेस’ या शब्दाने फसगत होते. तो वाढवला म्हणजे चित्र स्पष्ट होईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात संच फक्त प्रत्येक कडेभोवती एक पांढरी-काळी रेघ ओढतो. चांगल्या चित्रावर ती कृत्रिम दिसते. एसडी चित्रावर तर ती प्रत्येक डाग ठळक करते. तो आकडा कमी करावा. काही कंपन्यांत शून्य हे मूळ स्थान असते, काहींत मधला आकडा. चित्रातील हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असेल तर चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो, कारण चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि संच मधली चित्रे स्वतः रचून भरतो. क्रिकेटसाठी ती ठेवावी, चित्रपटासाठी बंद करावी. वीजबचतीची सोय मात्र वेगळ्या कारणाने पाहावी. खोलीतील प्रकाश मोजून पडदा मंद करणारी ही यंत्रणा अनेक संचांत आधीपासूनच चालू असते आणि दिवसा चित्र काळवंडल्याची तक्रार तिच्यामुळे येते. बचत सर्वस्वी सोडण्याची गरज नाही. एक पायरी खाली आणली तरी पुरे.

काही तक्रारी भिंतीच्या असतात. दरवाज्याच्या चौकटीइतक्या उंचीवर टीव्ही टांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे, खाली लाकडी फडताळ येते म्हणून. काही पडदे समोरून गडद आणि सुंदर दिसतात. पण खालून किंवा बाजूने पाहिले की त्यांचा रंग उडतो आणि काळे राखाडी होते. गादीवर बसून पाहणाऱ्या माणसाला तोच टीव्ही फिका दिसतो, सोफ्यावरच्या मुलाला चांगला दिसतो, आणि दोघांचा वाद होतो. बसल्या डोळ्याच्या पातळीवर पडद्याचा मध्य यावा. ते शक्य नसेल तर किंचित खाली झुकणारी खूण, म्हणजे टिल्टची पट्टी, लावून घ्यावी. समोर खिडकी असल्यास पडद्यावर तिचे प्रतिबिंब पडते. त्यावर पडदा हाच उपाय, कापडाचा.

आणि सगळे ठीक केल्यावरही घरातील एकट्या आजींनाच चित्र पिवळट, धूसर दिसत असेल, दिव्याभोवती वलये दिसत असतील, तर टीव्हीवाल्याला पुन्हा बोलावू नये. मोतीबिंदू वाढतो तसा डोळ्यातील भिंग पिवळसर आणि गढूळ होत जाते. रंग मंदावतात. बदल इतका हळू होतो की तो स्वतःला जाणवत नाही. नवा टीव्ही हे त्याचे पहिले निमित्त ठरू शकते. जुन्या लहान पडद्याजवळ खुर्ची ओढून बसण्याची सवय होती, ती मोडली आणि दोष उघडा पडला. अशा वेळी ‘तुम्हालाच कसे दिसत नाही’ असे म्हणून विषय संपवणारी घरे थोडी नाहीत. समाजाच्या नेत्रशिबिरात किंवा नेहमीच्या नेत्रतज्ज्ञाकडे एकदा तपासणी करून घ्यावी. साठीनंतर ती वर्षाकाठी एकदा व्हायलाच हवी. टीव्हीने आठवण करून दिली एवढेच.

इंटरनेटवरून पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात. फुल एचडीसाठी सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट आणि फोर केसाठी १५ ते २० मेगाबिट वेग टीव्हीपर्यंत पोहोचावा लागतो. राउटर दुकानाच्या खोलीत आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे असेल तर बिलावरचा वेग टीव्हीला मिळत नाही. शक्य असेल तर तारेने जोडावा. घेतलेली योजना कोणत्या दर्जाच्या चित्राची आहे हेही पाहावे, स्वस्त योजनांत चित्राचा दर्जा मर्यादित असतो. यूट्यूबवर चित्राचा दर्जा ‘ऑटो’ असतो, तो हाताने वाढवता येतो. परंतु मंदिरातून मोबाइलवर प्रसारित झालेला समारंभ जितक्या ठिपक्यांनी निघाला त्याहून अधिक ठिपक्यांनी येणार नाही.

सर्वांत अवघड तक्रार मात्र वेगळीच असते आणि तिच्यावर दुकानदाराजवळ काही इलाज नसतो. नवा मोठा पडदा आल्यावर घरातील जुनी चित्रणे बाहेर निघतात. थोरल्या मुलीचे लग्न, आत्याची दीक्षा आणि तिचा वरघोडा, मंदिराचा प्रतिष्ठा महोत्सव, आजोबांच्या मासक्षमणाचे पारणे. आजोबा आता नाहीत. सारे कुटुंब त्यांचा चेहरा मोठा पाहण्यासाठी बसते आणि पडद्यावर चौकोनी चौकोनी डागांचा एक समूह हलताना दिसतो. एका घरात नव्हे, अनेक घरांत या क्षणी टीव्हीला शिव्या बसल्या आहेत.

इथेही हिशेब पाहावा. व्हीसीडीवरील चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे १,०१,३७६ ठिपक्यांचे असते. फोर के पडद्याचे ठिपके याच्या सुमारे ८२ पट. एका आजोबांच्या चेहऱ्याला त्या चित्रणात जेमतेम काही शे ठिपके मिळालेले असतील. त्यांतून डोळ्यांतले हसू पंचावन्न इंचांवर आणणे कोणत्याही संचाला साधणार नाही. परंतु इथे एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. ती व्हीसीडी हे मूळ चित्रण होते का? १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे चित्रण पुष्कळदा कॅसेटवर होई आणि घरच्यांना तिच्यावरून काढलेली व्हीसीडी मिळे. मूळ कॅसेट कपाटात, गावाकडच्या घरात किंवा छायाचित्रकाराकडे पडलेली असू शकते. तिच्यात व्हीसीडीपेक्षा अधिक तपशील शिल्लक असतो. तो मिळवण्याला मुदत आहे. दमट हवेत फितीवर बुरशी चढते आणि ती चालवणारी यंत्रेही संपत आली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या जगातील शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले. कॅसेट सापडल्यास ती घरच्या जुन्या यंत्रात घालून ‘चालते का’ पाहू नये. बुरशी असेल तर फीत तुटते. हे काम करणाऱ्या माणसाकडे ती द्यावी, मूळ चारास तीन प्रमाणातच उतरवून घ्यावी आणि मिळालेली फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, नाही तर तीही दाबली जाते आणि पुढच्या पिढीजवळ दाबलेलीच प्रत उरते.

हल्ली संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने जुनी चित्रे ‘स्पष्ट’ करून देण्याच्या जाहिराती दिसतात. ती यंत्रणा हरवलेला तपशील परत आणत नाही. असा चेहरा साधारण कसा असतो हे पाहून नवा तपशील रचते. परिणाम देखणा असतो. कधी कधी ते आजोबा नसतात, आजोबांसारखे दिसणारे कोणीतरी असतात. करून घ्यायचेच असेल तर मूळ फाइल अबाधित ठेवून घ्यावे. एरवी जुनी चित्रणे पाहण्यासाठी आतल्या खोलीत गेलेला बत्तीस इंची संचच उत्तम, आणि म्हणून तो भंगारात देण्याची घाई करू नये.

खरा दोष कोणता, तेही ओळखता आले पाहिजे. पेन ड्राइव्हवरचे छायाचित्र, बॉक्स, इंटरनेट या सर्वांवर तोच डाग त्याच जागी दिसतो. उभी किंवा आडवी रेघ हलत नाही. एक कोपरा कायम काळवंडलेला असतो. पांढऱ्या पडद्यावर पाण्याच्या डागासारखे ठसे दिसतात. ही पडद्याची लक्षणे. अशा वेळी चित्रफीत काढून ठेवावी आणि लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. परत घेण्याची मुदत पुष्कळदा अवघ्या काही दिवसांची असते, म्हणून वर सांगितलेली दहा मिनिटांची परीक्षा पहिल्याच दिवशी उरकावी. एखाद-दुसरा मृत ठिपका असल्यास कंपनी पडदा बदलून देईलच असे नाही. किती ठिपक्यांनंतर बदलायचे याचे नियम प्रत्येक कंपनीचे निराळे असतात आणि ते वॉरंटीच्या कागदात असतात.

व्यापारी घरांत एक सवय आहे, तिच्याकडे या निमित्ताने लक्ष वेधणे अवश्य आहे. घरातील टीव्हीचे बिल पेढीच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह घेतले जाते. व्यक्तिगत उपभोगाच्या वस्तूवर भरलेल्या कराचे क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार मिळत नाही, त्यामुळे हाती काही लागत नाही. उलट नुकसान मात्र संभवते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक ठरत नाही. बिलावर पेढीचे नाव असले तर समोरच्या पक्षाला हा आक्षेप घेण्यास आयती जागा मिळते. घरगुती वॉरंटीच्या अटींतही व्यावसायिक वापर पुष्कळदा वगळलेला असतो. पेढीवर दिवसभर भाव दाखवणारी वाहिनी लावण्यासाठी घरगुती ओएलईडी संच नेणाऱ्यांनी हे वाचून घ्यावे. तीच पट्टी रोज तासन् तास एका जागी राहिली तर तिचा ठसा पडद्यावर उमटतो, आणि तो ठसा वॉरंटीत सहसा येत नाही. घरचे बिल घरातील व्यक्तीच्या नावावर असावे. विक्रेता आणि कंपनी दोघांनीही दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही.

पुष्कळ वाचक स्वतः विजेच्या उपकरणांच्या व्यवसायात आहेत. दुकानात डझनभर पडद्यांवर तीच झगझगीत फीत फिरत असते. तिच्याशेजारी एका संचाला साधा सेट टॉप बॉक्स जोडून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. ‘तुमच्या घरी एसडी बॉक्स असेल तर चित्र असे दिसेल, एचडी केलात तर असे’ हे ग्राहकाला विक्रीपूर्वी दाखवले, तर एखादे गिऱ्हाईक पंचावन्नाऐवजी त्रेचाळीस इंची संच घेऊन जाईल. पण आठव्या दिवशी तावातावाने परत येणार नाही. जिथे अशी सोय नसेल तिथे ग्राहकानेच खरेदीला जाताना पेन ड्राइव्ह सोबत न्यावा. त्यावर फोनचे एक स्वच्छ छायाचित्र आणि घरातील एका जुन्या समारंभाची पाच मिनिटांची फीत असावी. ती दोन्ही दुकानातल्या पडद्यावर लावून, घरच्या सोफ्याइतक्या अंतरावर मागे सरकून पाहावी.